दार उघडं असेपर्यंत

आमच्या चाळीत पाहुणा आला की आधी चपला काढतो आणि मग पाणी मागतो. लिफ्टमास्तर आधी दार हलवून बघायचे. उंबरठ्याबाहेर उभं राहून दोन बोटांनी दार जरासं लोटायचे, सोडून द्यायचे आणि मान तिरकी करून ऐकायचे. कुरकुरलं तर खिशातून तेलाची बाटली निघायची. बिजागरीत दोन थेंब सोडून झाले की मग आत येऊन म्हणायचे, "हां, आता बोला." माझ्या लग्नानंतर ते पहिल्यांदा आमच्याकडे आले, तेव्हा नव्या बायकोला वाटलं, मालकाचा माणूस दार काढून न्यायला आलाय. ती मोरीत जाऊन उभी राहिली. मास्तरांनी दाराला तेल घातलं, चहा घेतला आणि जाताना मला बजावलं, "ड्रायव्हर, वरची बिजागरी ढिली आहे. संसार नवा आहे, लक्ष ठेव."

मला ते ड्रायव्हरच म्हणायचे. मी भांडुपच्या एका कारखान्याचा टेम्पो चालवत असे. ते एका लिफ्टच्या कंपनीत दुरुस्तीला होते. घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, जिथे जिथे उंच इमारती उठत होत्या तिथे तिथे त्यांची फेरी असायची. त्यांचं खरं नाव चाळीत फार कुणाला ठाऊक नव्हतं. लिफ्टमास्तर म्हटलं की पुरे.

दाराशिवाय त्यांना दुसरा विषय नव्हता. रिक्षात बसायचे नाहीत, कारण रिक्षाला दार नाही. भर उन्हात भांडुपहून मुलुंडला चालत जायचे आणि घाम पुसत म्हणायचे, "बिनदाराच्या वाहनात माणूस बसतो म्हणजे काय? सामान आहे का तो?" लग्नाच्या हॉलमध्ये गेले तर अक्षता पडेपर्यंत दाराशी उभे. बसच्या मागच्या उघड्या दाराशी लोंबकळणाऱ्या पोरांना तर ते इतकं बोलायचे की एकदा कंडक्टरनेच त्यांना उतरवलं. आमची चाळ हसायची. मीही हसायचो. माणूस कामाचा होता, पण डोक्याने जरा सटकलेला, असं आमचं सगळ्यांचं मत होतं.

त्यांच्या शर्टाच्या खिशात लाल वायरचा वीतभर तुकडा कायम असे. दोन्ही टोकं सोललेली. कंपनीत नवा माणूस आला की मास्तर तो तुकडा त्याच्या हातावर ठेवायचे आणि त्याची गोष्ट सांगायचे. घाटकोपरच्या एका इमारतीत लिफ्ट सारखी अडकत होती. लिफ्टचा कायदा असा, की दार नीट बंद झाल्याशिवाय करंट पुढे जात नाही, आणि करंट गेला नाही तर लिफ्ट जागची हलत नाही. तिथल्या दाराचा हा करंट जोडणारा कॉन्टॅक्ट बिघडला होता. रहिवाशांनी ओरडा केला, म्हणून कुणीतरी हीच एवढी वायर लावून दोन टोकं परस्पर जोडून टाकली. लिफ्ट झकास चालू लागली. दार उघडं असलं तरी चालू लागली. दुसऱ्या दिवशी एक बाई भाजीची पिशवी घेऊन लिफ्टमध्ये पाऊल टाकत होत्या, तेवढ्यात वरच्या मजल्यावर कुणीतरी बटण दाबलं.

याच्या पुढे मास्तर सांगत नसत. तुकडा परत घ्यायचे, खिशात ठेवायचे आणि म्हणायचे, "आधी दार, मग गाडी." ती वायर लावली कुणी, हे मी त्यांना एकदा विचारलं होतं. त्यांनी तुकडा खिशात आणखी खोल सारला आणि मी पुन्हा विचारलं नाही.

आता गाडीचं सांगतो.

मास्तर राहायचे थोरल्या भावाच्या खोलीत. खोली एक. भाऊ, भावजय, त्यांची मुलं, आणि मास्तर व काकी. मास्तरांच्या बायकोला आम्ही सगळे काकी म्हणायचो. मालवणकडची बाई, बारीक, काळीसावळी, बोलणं कमी. त्यांना मूलबाळ नव्हतं. खोली भावाच्या नावावर, त्यामुळे घरातला मान थोरल्या जावेचा. सकाळी उठून उंबरठा धुवायचा, त्याला हळदीकुंकू लावायचं, पुढे रांगोळीची चार बोटं ओढायची, हे थोरलीचं काम. काकींनी नळावरून पाणी आणायचं, कळशी उंबरठ्याशी ठेवायची आणि बाजूला व्हायचं. लग्न होऊन आल्यापासून हे असंच चाललं होतं. थोरली बाई दुष्ट नव्हती. पण उंबरठा एकच होता आणि तो तिचा होता.

एकदा काकी माझ्या बायकोला म्हणाल्या, "माका काय नको गो. एक दार होया. माजां."

हे बहुतेक त्यांनी मास्तरांनाही कधीतरी म्हटलं असणार. कारण एका पावकंपनीची मोडीत काढलेली व्हॅन मास्तरांनी विकत घेतली आणि बंद पडलेल्या एका कारखान्यामागच्या मोकळ्या जागेत आणून उभी केली. तिथल्या वॉचमनचं गेट त्यांनी पूर्वी दुरुस्त करून दिलं होतं, म्हणून त्याने हरकत घेतली नाही. मास्तरांना गाडी चालवता येत नव्हती. ती ओढून आणायला मीच गेलो होतो.

"हिचं घर करणार," मास्तर म्हणाले. "आत बिछाना, स्टो, छोटी मोरी, देवाचं फडताळ. रिटायर झालो की निघायचं. गणपतीपुळं, मालवण, पुढे गोवा. जिथे थांबलो तिथे घर."

"आणि चालवणार कोण?"

"तू शिकवशील. नाहीतर तूच चल."

मी मनात म्हटलं, म्हाताऱ्याची वाट लागली.

पण माणूस हाताचा पक्का. रविवार अन् सुट्टी सगळी त्या गाडीत. फळ्या बसल्या, खिडकी कापली, पडदा लागला. बघता बघता पावाच्या गाडीची खोली झाली. राहिलं फक्त मागचं दार. आणि दार म्हटल्यावर मास्तर सरळ कसे वागतील? त्यांनी लिफ्टचा कायदा गाडीला लावला. चावी फिरवली की करंट आधी मागच्या दाराकडे जाणार. दार घट्ट बंद असेल तर तिथून परत येणार, मग इंजीन सुरू. दार जरा उघडं असेल तर गाडी मुकी.

"मास्तर," मी म्हटलं, "इतकी वर्षं टेम्पो हाकतोय. मागचा फाळका उघडा असला तरी गाडी पळते हो."

"म्हणून तर सामान पडतं," ते म्हणाले. "हिच्यात माझी बायको असणार."

मी मुकाट पाना त्यांच्या हातात दिला.

दारावर बाहेरून बेलचं बटण, आत दिवा, आणि खाली चौकटीत तो कॉन्टॅक्ट. उंबरठ्याच्या पट्टीतून एक पितळी पिन वर आलेली. दार लागलं की पिन खाली दाबली जायची आणि आतल्या बंद डब्यात दोन टोकं जुळायची. या सगळ्याच्या वायरी बिजागरीपाशी गाडीतून दारात जात होत्या, आणि तिथेच सगळी कटकट होती. दार उघडा, वायर वाकते. लावा, पुन्हा वाकते. चार आठवड्यांनी आतली तार तुटायची आणि वरचं प्लास्टिक अख्खं दिसायचं. मास्तरांनी वायर बदलली, तिला वळसा दिला, रबराच्या नळीतून नेली. शेवटी मोडीत निघालेल्या एका लिफ्टच्या पोटाखाली लोंबणाऱ्या केबलचा तुकडा आणला. ती केबल जन्मभर वाकण्यासाठीच केलेली असते. बिजागरीचा प्रश्न सुटला. दिवा लागला, बेल वाजली.

तरी गाडी सुरू होईना.

आणि होईना म्हणजे कशी? रविवारी सकाळी मी चावी फिरवली की मुकी. मास्तर हातात टेस्टलॅम्प घेऊन गाडीखाली शिरायचे. इंचइंच वायर तपासायचे. पिनच्या डब्यापर्यंत सगळीकडे करंट. ऊन चढेपर्यंत हा खेळ चालायचा. मग दुपारी दोन-चारदा दार आपटलं की गाडी आपोआप सुरू. पुढच्या रविवारी सकाळी पुन्हा मुकी. मास्तर खंगले. जेवताना ताटात बोटाने वायरीचे नकाशे काढायचे. कंपनीत त्यांच्या हाताखालची माणसं हसू लागली, की मास्तरांना पावाची गाडी आवरत नाही.

"तो पिनचा डबा उघडून बघा ना," मी म्हटलं.

"तो मी स्वतः बंद केलाय. वरून लाख ओतलीय. तिथे बघायचं कारण नाही."

हा त्यांचा गर्व होता. जे आपल्या हाताने बंद केलं त्यावर त्यांनी जन्मात संशय घेतला नाही.

एका रविवारी आम्ही नेहमीपेक्षा लवकर गेलो. लांबूनच काकी दिसल्या. त्या रोज सकाळी आमच्याआधी तिथे येऊन जात होत्या, हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. भावाकडची कळशी ठेवून झाली की त्या तांब्या घेऊन इथे यायच्या. आता त्या गाडीच्या मागच्या दारापुढे वाकल्या होत्या. तांब्यातलं पाणी त्यांनी उंबरठ्याच्या पट्टीवर ओतलं, हाताने पट्टी धुतली, हळद लावली, कुंकू लावलं. ती पितळी पिन त्यांना छान मधोमध सापडली होती. तिच्यावर तर त्या चिमूटभर जास्तच वाहत होत्या. मग खाली मातीत रांगोळीचं स्वस्तिक काढलं आणि दाराला हात जोडले.

मी मास्तरांकडे बघितलं. मला वाटलं, आता ओरडतील. त्यांनी माझा दंड धरला आणि मला कारखान्याच्या भिंतीआड ओढलं. काकी निघून जाईपर्यंत आम्ही चोरासारखे उभे होतो.

मग त्यांनी लाख फोडली आणि डबा उघडला. पिनच्या भोकातून झिरपून आत हळदकुंकवाचा चिखल साचला होता. ओला असला की पिन अडकायची, उन्हाने वाळला की आपटल्यावर सुटायची. मास्तर तो डबा मांडीवर घेऊन बसले. डोळे भरले होते त्यांचे. मी दुसरीकडे बघितलं.

"सांगणार त्यांना?" मी विचारलं.

"काय सांगू? तुझ्या दाराची पूजा करू नकोस?" ते म्हणाले. "उंबरठा तिचा. माझी पिन मी वर नेतो."

त्याच दिवशी चौकटीच्या वरच्या अंगाला लाकूड ठोकून त्यांनी कॉन्टॅक्ट तिथे बसवला. खालच्या पट्टीतलं भोक बुजवलं, पण पिनच्या जागी तशीच एक पितळेची टिकली ठोकली, काकींना हळद वाहायला.

पुढच्या सकाळी गाडी एका चावीत सुरू झाली. मास्तर काकींना हाताला धरून घेऊन आले. इंजीन चालू होतं. त्यांनी काकींना मागचं दार उघडायला लावलं. दार उघडलं आणि इंजीन बंद. लावलं, मी चावी मारली, पुन्हा सुरू. काकींनी परत उघडलं, परत बंद. मग त्यांना गंमतच वाटू लागली. उघड, बंद, उघड, बंद. तोंडावर पदर धरून हसत होत्या. त्यांना मोठ्याने हसताना मी तेव्हाच पाहिलं.

"बघ," मास्तर म्हणाले, "तुझं दार उघडं असेपर्यंत ही गाडी हलणार नाही. कुणाच्या बापाला हलवता येणार नाही. सगळं तुझ्या हातात."

"खरां?"

"मी सांगतोय ना."

एवढं सगळं झाल्यावर, त्यात मास्तर रिटायरही झाल्यावर, माणूस निघेल की नाही? पण काकी निघेनात. पावसाळा होऊ दे, म्हणाल्या. मग गणपती होऊ देत. मग थंडी होती. मास्तर नकाशा पसरायचे आणि काकी स्टोवर चहा ठेवायच्या. मी गेलो की म्हणायच्या, "इलंस? बस." गाडीत आलेला पाहुणा म्हणून माझं स्वागत व्हायचं. कपबश्या मोजक्याच, पण त्यांच्या स्वतःच्या. दुपारचा वेळ त्या तिथेच घालवायच्या. दारात बसून तांदूळ निवडायच्या, पाय पायरीवर सोडून. मास्तरांना चाकांवरचं घर हवं होतं. काकींना घर मिळालं होतं आणि चाकांशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. एकदा मास्तर नकाशावर रत्नागिरीपर्यंत पोचले होते, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "घर सोडून खंय जावचां?" मास्तरांनी नकाशाची घडी घातली. मला त्यांची दया आली आणि हसूही आलं.

मग ती जागा विकली गेली.

आमच्या भागात तेव्हा हेच चाललं होतं. कारखाना बंद पडायचा, पत्रे लागायचे आणि बिल्डिंग उठायची. नव्या मालकाच्या माणसांनी मास्तरांना दोनदा निरोप दिला. मास्तरांनी काकींना सांगितलंच नाही. कुठल्या तोंडाने सांगणार! ठरलेल्या दिवशी मी टेम्पोची सुट्टी काढून गेलो, तर आवारात माणसं उभी होती, पहारी होत्या आणि पत्रा कापायचा गॅस कटरही होता. त्यांचा सुपरवायझर वाईट माणूस नव्हता.

"मास्तर, दुपारपर्यंत काढा," तो म्हणाला. "नायतर मला कापावी लागेल. माझी पण नोकरी आहे ना यार."

काकी आत होत्या. बाहेरची गर्दी बघून त्यांना काय ते कळलं होतं.

मास्तर माझ्या शेजारी येऊन बसले. मुलुंडला मिठागरांच्या बाजूला एका ओळखीच्याने रस्त्याकडेची जागा दाखवली होती. तिथपर्यंत न्यायची, एवढंच. मी चावी फिरवली. मुकी. पुन्हा फिरवली. मुकी.

मास्तरांचा चेहरा उतरला. उतरून बिजागरीपाशी गेले, लिफ्टची केबल चाचपली, परत येऊन फ्यूज बघितला. दारापर्यंत टेस्टलॅम्प सगळीकडे लागत होता. सुपरवायझर घड्याळ बघत होता. शेवटी मास्तर मागच्या दारासमोर जाऊन उभे राहिले आणि मी आरशातून बघितलं.

काकी आतल्या बाजूने उंबरठ्याशी बसल्या होत्या. एक हात दारावर. दार त्यांनी बोटभर, फक्त बोटभर उघडं धरून ठेवलं होतं.

"दार लाव," मास्तर म्हणाले.

काकींनी दार तसंच धरून ठेवलं.

"अगं, कापून टाकतील ते. ऐक माझं. फक्त मुलुंडपर्यंत."

"घर हलता काय खंय?" काकी म्हणाल्या. बस, एवढंच.

मास्तरांनी त्यांचा हात ओढून दार लावून घेतलं असतं तर काकींचा काय जोर चालणार होता! पण बायकोवर हात टाकणारा तो माणूस नव्हता. पहारी घेतलेली माणसं पुढे सरकली. कुणीतरी कटरची नळी उलगडली. मास्तर माझ्याकडे आले. चेहऱ्यावर रक्त म्हणून नव्हतं. डॅशबोर्डखाली आडवे झाले, दाराकडे जाणारी जोडणी उपटली आणि शर्टाच्या खिशातून तो लाल वायरचा तुकडा काढला.

"मास्तर," मी म्हटलं, "नका."

दोन टोकं परस्पर जोडून ते म्हणाले, "चावी मार."

मी मारली. इंजीन सुरू झालं.

गाडी थरथरली तशी काकी उठल्या. त्यांनी हातातल्या दाराकडे बघितलं. दार उघडं होतं आणि गाडी चालू होती. त्यांनी दार आणखी उघडलं, पार मोकळं सोडलं. इंजीन बंद होईना. मास्तर धावत मागे गेले.

"तुमी म्हटल्यात ना," काकी म्हणाल्या, "दार उघडां आसताना गाडी हलाची नाय?"

आवाज चढला नव्हता. रडल्याही नाहीत. मास्तर काहीतरी बोलत होते, वाचवायला केलं, तुझ्यासाठी केलं, असं काहीसं. काकी आत वळल्या, देवाच्या फडताळावरून हळदीकुंकवाचा करंडा घेतला, उतरल्या आणि गर्दीतून चालत चाळीकडे निघून गेल्या.

आम्ही मुलुंडला गेलो. मागचं दार वाटभर आपटत होतं. रिक्षालाही दार हवं म्हणणारा तो माणूस माझ्या शेजारी बसून समोर बघत राहिला. मी दोनदा म्हटलं, थांबून लावू का? त्यांना ऐकू गेलं नाही.

काकी त्या गाडीत पुन्हा पाय ठेवायला गेल्या नाहीत. नवराबायकोत भांडण असं काही झालं नाही. मास्तर जेवायला भावाच्या खोलीवर यायचे, काकी वाढायच्या, भात घालू का विचारायच्या. जेवून मास्तर गाडीत झोपायला मिठागरांकडे परत जायचे. सकाळी काकी कळशी आणून उंबरठ्याशी ठेवायच्या आणि बाजूला व्हायच्या. थोरली जाऊ एकदा म्हणाली, "आजपासून तू लाव गं हळद." काकी म्हणाल्या, "नको. ती तुमची."

बऱ्याच महिन्यांनी मी मुलुंडला मास्तरांना भेटायला गेलो. संध्याकाळ होती. मिठागरांवरून खारा वारा येत होता आणि गाडीचं मागचं दार सताड उघडं होतं. मास्तर आत बिछान्यावर बसले होते. दाढी वाढलेली. दाराच्या वायरी त्यांनी पुन्हा नीट जोडल्या होत्या, नवी केबल होती, वर कॉन्टॅक्ट चकचकीत. खालची पितळेची टिकली काळी पडली होती.

"ती लाल वायर?" मी विचारलं.

"फेकली खाडीत." मग म्हणाले, "मी दार लावतच नाही आता, ड्रायव्हर. दिवसा नाही, रात्री नाही. दार उघडं आहे. आता ही जागची हलायची नाही. तू बघ चावी मारून."

बॅटरी केव्हाच बसलेली होती. दार लावलं असतं तरी ती गाडी हलली नसती. तरी मी पुढे जाऊन चावी फिरवली. काही झालं नाही.

"बघितलंस?" ते म्हणाले. "तिला सांग. तू स्वतः बघितलंस म्हणून सांग."

मी चाळीत आलो तेव्हा काकी भिंतीकडेला बसून तांदूळ निवडत होत्या. मी सांगितलं. दार उघडं आहे, रात्रंदिवस उघडंच असतं, मी चावी फिरवून बघितली, गाडी हलत नाही. त्यांचा हात सुपात थांबला. मला वाटलं, उठतील. मला खरंच वाटलं होतं.

"त्यांका सांग," काकी म्हणाल्या, "दार लावन निजा म्हणान. थंय डास चावतत."

दुसऱ्या दिवशी मी जाऊन तो निरोप दिला. मास्तरांनी ऐकून घेतलं, मान हलवली. दार काही लावलं नाही.